बिस्किटं धरली नव्हती

बेटावरच्या सांतियागो शहरातल्या आमच्या कचेरीत तीन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि एक मालक. त्यातल्या त्यात भरवशाचा इन्व्हर्टर. मालकाचं नाव रादामेस पोलांको. वीज गेली की तो आधी बंद पडायचा.

मी मिलेदिस. वयाचा मान म्हणून सगळे मला 'दोन्या' म्हणतात, कामं मात्र पोरीसारखी सांगतात. बावीस वर्षं तंबाखूच्या गोदामात पानांच्या जुड्या मोजल्या, आता लिंका मोजते. फरक एवढाच की जुडी कुजली तर वास येतो.

आमचा धंदा असा. एखाद्या वेबसाइटला गूगलवर वरच्या पाटावर बसायचं असेल, तर दुसऱ्या अब्रूदार साइटींनी तिच्याकडे बोट दाखवावं लागतं: तिकडे जा, माणूस बरा आहे. ते बोट म्हणजे लिंक. चपलांच्या दुकानाकडे कुणीही बोट दाखवलं तरी निभतं. पण औषधपाणी आणि पैसा या दोन गोष्टींत गूगल स्थळ बघायला आलेल्या आत्यासारखं वागतं. कोण म्हणालं? त्याला स्वतःला कोण ओळखतं? त्याच्या शेजारी कोण राहतं? एवढं सगळं विचारून मग नाक मुरडतं.

रादामेसकडे एक यादी होती. एकशे बेचाळीस पत्ते, प्रत्येकापुढे डॉलरमधला भाव. घोड्यांच्या शर्यतींची एक बातमीसाइट होती, तिथे मूत्रपिंडावरचा लेख जुगाराच्या जाहिरातीला टेकून बसलेला असायचा. पाककृतींची एक साइट होती. ती लिहिणारी बाई दोन वर्षांपूर्वी वारली आणि आता तिचा मुलगा तिची बोटं विकत होता.

जानेवारीच्या मध्यावर डॉक्टर उंग्रियांचं काम आलं. मधुमेहाचा दवाखाना, वेबसाइट कोरी करकरीत, मुदत नव्वद दिवस.

"वीस लिंका," रादामेस म्हणाला. "पंधरा यादीतून उचलू. उरलेल्या पाचांसाठी नुरिस लेख लिहील, खाली डॉक्टरांची सही."

"डॉक्टर वाचणार आहेत का ते लेख?" नुरिसने विचारलं. ती आमच्याकडे लिहायचं आणि पत्रं पाठवायचं काम करायची. एकोणतीस वर्षांची, अंगाने काडी, जीभ मात्र सुरी.

"त्यांना वाचायला वेळ असता तर त्यांनी आपल्याला कशाला पैसे दिले असते, पोरी?"

"मग सही माझी घाला. नुरिस पेनिया, कॉलेजची तीन वर्षं, डिग्री अर्धवट."

"चेष्टा नको."

"चेष्टा तुम्ही करताय, मालक. माझी आई रोज सुई टोचून घेते. उद्या गूगलवर तिला हाच लेख सापडेल, डॉक्टरांच्या नावाने, मी कॉफी पिता पिता लिहिलेला."

"सगळेच करतात."

"सगळ्यांच्या आया वेगळ्या." ती उठून उभी राहिली. "विकतची एकही घेणार नाही. नव्वद दिवसांत तीन आणते, समोरच्याने आपणहून दिलेल्या. तीन नाही आल्या तर मी माझी पिशवी उचलते."

"मी वीस म्हणतोय आणि ही तीन म्हणतेय!"

"तुमच्या वीसांतल्या एका तरी साइटवर तुमच्या आईला पाठवाल, साखर विचारायला?"

रादामेस माझ्याकडे वळला, कारण त्याची आई त्याला रोज दुपारी फोन करते आणि तो तिच्याशी खोटं बोलत नाही. एवढा एक सद्गुण मी त्याच्या नावावर मांडून ठेवला आहे. तो म्हणाला, "लिहून घ्या, दोन्या. तीन. नाहीतर ही बाहेर, आणि नव्वदाव्या दिवशी मी यादी उघडतो."

मी लिहून घेतलं. तारीख घातली. दोघांना वाचून दाखवलं. नुरिसच्या घरात मिळवती ती एकटीच, आईचं इन्सुलिन तिच्याच पगारातून येतं, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

पहिले दहा दिवस ती नुसती वाचत बसली. अकराव्या दिवशी तिने आईच्या दवाखान्यातलं एक माहितीपत्रक माझ्यासमोर टाकलं. परदेशी पत्रकाचं भाषांतर. शिजवलेला पास्ता अर्धा कप, गव्हाचा पाव एक चकती, दलिया तीन चमचे.

"आई विचारते, हे कुणाच्या घरी शिजतं?" नुरिस म्हणाली. "आमच्याकडे सकाळी मांगू असतो. मांगूचा एक डाव म्हणजे साखर किती, हे कुठेच लिहिलेलं नाही, दोन्या. मी सगळीकडे पाहिलं."

दुसऱ्या दिवशी तिने वजनकाटा आणला, एक डाव आणला आणि आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा आणला, ज्याने इथे घरोघर तांदूळ मोजतात. पाच आठवडे आमच्या कचेरीला उकडलेल्या केळ्यांचा वास येत होता. उकडून कुस्करलेल्या हिरव्या केळ्यांचा मांगू, युकाचे कंद, कसाव्याची भाकरी, भात, भांड्याच्या तळाची खरपुडी, घेवड्याची आमटी. प्रत्येक गोष्ट डावाने काढायची, काट्यावर ठेवायची, लिहायची. मोजून झालेलं मी खायची. माझं वजन चार पौंडांनी वाढलं, तेही मी लिहून ठेवलं आहे. रादामेस नाक दाबून जायचा आणि येताना खरपुडीचा तुकडा उचलायचा.

डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईने तक्त्यातले आकडे तपासून दिले. डॉक्टरांनी वाचावं म्हणून नुरिस तीन सकाळी त्यांच्या दाराशी रोग्यांच्या रांगेत बसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाचलं आणि सही केली. खरी, शाईची.

तक्ता साइटवर चढला. मग लिंक मागणारी पत्रं. एकेचाळीस पत्रं, प्रत्येक वेगळं, प्रत्येकात त्या त्या माणसाच्या कामाचा उल्लेख. एकोणतीस जणांनी तोंड उघडलं नाही. सहा जणांनी भाव विचारला. तिघांनी देव तुमचं भलं करो म्हणून कळवलं. आणि तिघांनी लिंक दिली: राजधानीतली परिचारिकांची शाळा, किनाऱ्यावरच्या एका गावातली मधुमेही मंडळी, आणि शेवटी औषधविक्रेत्यांची एक संघटना. तिसरी आली तो एकाहत्तरावा दिवस.

मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तो तक्ता छापून रमच्या बाटल्यांच्या वर चिकटवला. मग पलीकडच्या गल्लीतल्याने. मग लोकांनी त्याचे फोटो काढून बहिणींना पाठवले.

"नऊ दुकानं झाली," नुरिस म्हणाली.

"भिंत म्हणजे लिंक नव्हे," रादामेस म्हणाला. पण खुशीत होता. "पण तीन झाल्या. जिंकलीस, पोरी. दोन्या, बंद करा वही."

मी वही बंद केली नाही. माझ्या अनुभवात हिशेब जुळल्यावर आणखी एकदा बघावा.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी नुरिस उशिरा आली. डोळे सुजलेले. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, म्हणजे घरोघर गोड घेवडा: लाल घेवडा वाटून दुधात, नारळात, साखरेत आटवलेला, त्यात रताळ्याच्या फोडी, वर दुधाची छोटी बिस्किटं तरंगणारी. हा पदार्थ तक्त्यात होता. अर्धा डबा, पुढे आकडा, पुढे इशारा.

"आईची साखर काल तीनशे दहा," ती म्हणाली. "घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं, आई, किती खाल्लास घेवडा? म्हणते, तुझ्याच तक्त्याप्रमाणे, अर्धा डबा, घासून मोजला. मग म्हटलं, आणि काय खाल्लंस? म्हणते, काही नाही."

"मग?"

"मग म्हणते, बिस्किटं खाल्ली. चौदा. मी म्हटलं, चौदा बिस्किटं म्हणजे काही नाही? तर मलाच झापते. 'तू घेवडा लिहिलास, मी घेवडा मोजला. बिस्किटं तुझ्या तक्त्यात नव्हतीच, म्हणजे ती फुकट!'"

मी हसले आणि लगेच तक्ता उघडला. रताळं धरलं होतं. नारळ धरला होता. बिस्किटं आहारतज्ज्ञ बाईने धरली नव्हती, डॉक्टरांनी धरली नव्हती, आणि तो घेवडा खाऊन संपवणाऱ्या मीही धरली नव्हती. या गावात बिस्किटाला कुणी खाणं म्हणतच नाही. ते नुसतं वर असतं.

"ओळ दुरुस्त कर आणि मोकळी हो," रादामेस म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"ज्यांनी आपल्याकडे बोट दाखवलं त्यांना कळवायला हवं. त्यांच्या लोकांनीही बिस्किटं फुकटात खाल्ली असतील. आणि पानावर वर, ठळक लिहायला हवं, की कालपर्यंत हे चूक होतं."

"वेडी झालीस? आरोग्याच्या साइटवर 'आम्ही चुकलो'? लिंका काढून टाकतील! बारा दिवस राहिलेत. बारा दिवस तोंड मिट, मग वाटेल ते लिही."

"बारा दिवसांत पवित्र आठवडा आहे, मालक. सबंध देश घेवडा खातो."

"तुझी नोकरी जाईल!"

"माझी आई जाता जाता राहिली."

तिने त्याच्याकडे पाठ केली आणि टंकायला बसली. रादामेस तिच्या मागे उभा राहून प्रत्येक वाक्याला 'नको', 'नको' म्हणत होता, आणि ती प्रत्येक 'नको'नंतर पूर्णविराम देत होती. तिन्ही पत्रं गेली. किराणावाल्यांकडे ती स्वतः चालत गेली, लाल पेन घेऊन, नऊच्या नऊ.

ऐंशीव्या दिवशी औषधविक्रेत्यांनी लिंक काढली. उत्तर नाही, निरोप नाही. बोट होतं, आता नव्हतं. मी ती ओळ खोडली आणि पुढे कारण लिहिलं: खरं सांगितलं म्हणून.

पुढचे दहा दिवस तिने आणखी अठरा पत्रं लिहिली. अठराही जण सुट्टीवर.

नव्वदावा दिवस पवित्र बुधवार. दुपारी डॉक्टर फोनवर हिशेब घेणार होते. त्याआधी रादामेस माझ्या टेबलाशी आला, आवाज उतरवून.

"दोन्या, यादीतली एक घेऊन टाकतो. शर्यतवाल्यांची. तुम्ही खोडलेल्या ओळीखाली लिहा, 'कमावलेली'. पोरगीही राहील, डॉक्टरही राहतील. कुणाचं काय बिघडतं?"

त्याला खरंच ती जायला नको होती, हे मला दिसत होतं. आणि मलाही नको होती. हातात पेन होतं, खालची ओळ रिकामी होती.

"बावीस वर्षं तंबाखू मोजला, रादामेस," मी म्हटलं. "कुजकी जुडी मी गठ्ठ्यात घातली नाही. आता म्हातारपणी शिकवू नकोस."

पलीकडून नुरिस म्हणाली, "दोन आहेत, मालक. दोनच सांगा. नाहीतर मी सांगते."

तेवढ्यात फोन वाजला. रादामेसने तो टेबलावर मोठ्या आवाजात लावला. मी तसाच वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवला.

"ही एक ओळ खोडलेली आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढे लिहिलंय, 'खरं सांगितलं म्हणून.' हे काय आहे?"

रादामेस बोलायला गेला, पण नुरिस आधी बोलली. बिस्किटं, चौदा, तीनशे दहा, सगळं. शेवटी म्हणाली, "तुमच्या साइटवर वर ठळक लिहिलंय की आम्ही चुकलो. मी लिहिलंय. ते काढायचं असेल तर काढा, पण मग ज्यांनी आपल्याला लिंक दिली आहे त्यांना मी पुन्हा पत्र लिहीन, की काढलं म्हणून."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"हो, डॉक्टर."

रादामेसने डोळे मिटले.

"तो तक्ता मी दोनदा वाचला," डॉक्टर म्हणाले. "सही माझी आहे. आणि घेवड्यावर मी स्वतः सहा टाकतो." ते खाकरले. "'आम्ही' खोडा. आम्ही म्हणजे कुणीच नाही. लिहा, 'डॉक्टर उंग्रियांनी तपासलं आणि त्यांच्या नजरेतून सुटलं.' पुरं नाव घाला. बाकी कामाचं नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

रादामेसने कपाळ पुसलं. "बघितलंस? काम गेलं नाही! बस आता, कॉफी मागवतो."

नुरिसने ते वाक्य साइटवर चढवलं, दोनदा वाचलं आणि काटा, डाव, डबा पिशवीत भरायला लागली.

"हे काय?"

"मी तीन म्हणाले होते. दोन आल्या."

"अगं पण डॉक्टर काही बोलले का? मी तरी बोललो का?"

"मी बोलले होते. दोन्यांनी लिहून घेतलंय." तिने पिशवी खांद्याला लावली. "माझा शब्द विकतचा नाही, मालक. तुमची यादी आहे तोवर या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसवा."

आणि गेली. जिन्यात डाव डब्यावर आपटत होता, तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

ईस्टरनंतरच्या सोमवारी परिचारिकांच्या शाळेतून पत्र आलं. लिंक ठेवली होती, आणि विचारलं होतं की रताळ्याचा गोड पदार्थ, पानात बांधून उकडलेले पास्तेल आणि नाताळची सगळी पक्वान्नं कोण मोजून देईल. पत्र कंपनीच्या नावे नव्हतं. 'बिस्किटांबद्दल लिहिणाऱ्या बाईंना' असं होतं.

रादामेसने ते पत्र वाचलं. मग त्याने नुरिसला फोन लावला.

"ये," तो म्हणाला.

"यादी?" पलीकडून आवाज आला.

"अगं, ती यादी करायला मला सहा वर्षं लागली आहेत!"

"मग पुसायला एक मिनिट लागेल. दोन्यांसमोर पुसा. त्या मोजतील."

त्याने मला बोलावलं. मी चष्मा लावला आणि त्याच्या मागे उभी राहिले. शर्यतवाले गेले, मेलेल्या बाईचा मुलगा गेला, एकेक करत सगळे गेले. शेवटी त्याचं बोट थांबलं.

"एकशे एक्केचाळीस झाले," मी म्हटलं.

"हा एक राहू दे, दोन्या. माझा मेहुणा आहे."

फोन अजून चालूच होता. "मालक," नुरिस म्हणाली, "बिस्किटंसुद्धा."