चण्याच्या पाण्याचा केक

बेकरीवालीच्या धाकट्या भावाच्या अकराशे कोंबड्या दोन दिवसांत मारल्या गेल्या. साथ आली होती. पांढऱ्या झग्यांतली सरकारी माणसं आली आणि आजारी-धडधाकट न पाहता सगळ्या कोंबड्या पोत्यांत भरून घेऊन गेली. भाऊ कुंपण धरून उभा होता. पुढचे चार दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही.

बहिणीचंही अडलं. तिच्या बेकरीला रोज सहा ट्रे अंडी लागायची, ती सगळी भावाकडून यायची, आणि त्या दिवसांत दुसरीकडेही औषधाला अंडं मिळत नव्हतं. बेकरीला टाळं लावण्यापेक्षा बिनअंड्याचं काहीतरी करू म्हणून ती हात धुऊन मागे लागली. केळं कुस्करून घातलं, तर सगळ्याच केकना केळ्याचा वास. जवस दळून भिजवलं. तो चिकट लगदा चॉकलेटच्या केकला चालून गेला, पण साधा स्पंज विटेसारखा झाला. सोडा आणि व्हिनेगर घातलं तेव्हा केक भट्टीत टरारून फुगला आणि बाहेर काढताच मटकन खाली बसला. गल्ल्यावर बसणारी तिची लेक म्हणाली, दाराला अडसर म्हणून बरा आहे.

रिकाम्या शेडकडे बघवेना म्हणून भाऊ बेकरीत येऊन बसायला लागला. मैद्याच्या पोत्यावर बसून तो बहिणीची फजिती पाहायचा. एक दिवस मात्र त्याला राहवलं नाही. अंडं एकच काम करत नाही, तो म्हणाला. ते बांधून ठेवतं, ओलावा देतं आणि हवा धरतं. तू बांधायच्या मागे लागली आहेस आणि तुझं घोडं अडलंय हवेपाशी. जन्म अंड्यांत गेलेला माणूस तो. पांढरं किती ताणलं जातं हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

उकडलेल्या काबुली चण्यांचं पाणी बहिणीने कुणाच्या तरी सांगण्यावरून फेटून पाहिलं होतं, पण ते पातळच राहायचं. भावाने ते पुन्हा चुलीवर चढवलं, आटवलं, दोन बोटांत धरून तार पाहिली, आणखी आटवलं, पूर्ण गार होऊ दिलं आणि मग फेटायला घेतलं. तीनदा बिघडलं. चौथ्यांदा बाराव्या मिनिटाला पांढराशुभ्र फेस ताठ उभा राहिला. भावाने भांडं उचललं आणि खुशाल स्वतःच्या डोक्यावर उपडं धरलं. थेंबही पडला नाही. लेक हसून हसून खाली बसली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच भाऊ हसला. बहिणीला वाटलं, सुटलो एकदाचे.

सुटतात कसले. केक लोकांना आवडला, नको इतका आवडला. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कँटीनने रोजचं काम दिलं, कारण तिथे अंडं न चालणारे पेशंट होते. अट एकच, बेकरीच्या उंबऱ्याच्या आत अंडं येता कामा नये. बहिणीने सही केली. भाऊ त्या दिवसांत शेड धुऊन चुना मारण्यात गुंतला होता. त्याला यातलं काही कळलं नाही. बिनअंड्याचं हे सगळं अंडी येईपर्यंतचं आहे, असंच तो धरून चालला होता.

सहीला आठवडा झाला आणि भाऊ आला. नवीन पिल्लं आणायची परवानगी मिळाली होती. पण त्याच्या शेडचं नाव काढलं की बाकीचे दुकानदार नाक मुरडत होते.

"ताई, तू पूर्वीसारखी अंडी घेणार असशील तरच पिल्लं आणतो," तो म्हणाला.

"आण की," बहीण म्हणाली. "घेणार नाही तर जाईन कुठे?"

खोटं बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. पिल्लू अंड्यावर यायला पाच महिने लागतात, आणि ज्याला उत्तर टाळायचं असतं त्याला पाच महिने म्हणजे जन्मभराची सवड वाटते. अशी माणसं दुष्ट नसतात. समोरच्याचं उतरलेलं तोंड पाहायला ती भितात, एवढंच. आणि त्या भीतीपायी त्याचं घर बुडवतात. आई, मामाला सांगून टाक, असं लेक दर दोन दिवसांनी म्हणायची. सांगते गं, असं बहीण म्हणायची. या सांगते-सांगतेत अडीचशे पिल्लांच्या अडीचशे कोंबड्या झाल्या.

पहिली अंडी लहान होती, पहिलटकर कोंबड्यांची असतात तशी. भावाने सहा ट्रे मागच्या दाराशी आणले. एक अंडं त्याने तिच्या तळहातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बहिणीने सहाही ट्रे दारातच उतरवून घेतले.

मग ते रोजचंच झालं. दिवसभर ट्रे परसातल्या पत्र्याच्या खोपटात राहायचे, संध्याकाळी ती ते हातगाडीवरून घरी न्यायची. पहिले आठ-दहा दिवस अंडी शेजाऱ्यांना वाटली. मग शेजारीही दार उघडायला कंटाळले. तेव्हा तिने घरामागच्या खताच्या खड्ड्यात ती टाकायला सुरुवात केली. अख्खी पुरली तर पुढे फुटून घाण सुटते, म्हणून एकेक फोडून. रोज एकशेऐंशी. फोडताना तिला रडू यायचं आणि स्वतःची किळसही यायची, पण त्याची चूल पेटतेय ना, असं म्हणून ती पुढचं अंडं उचलायची.

दीड महिन्याने एका दुपारी, अंडी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, भाऊ पुढच्या दाराने आला. भाचीला म्हणाला, माझ्या अंड्यांचा केक मलाही चाखू दे की. लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. शेवटी लेकीनेच स्पंजचा तुकडा बशीत ठेवला.

भावाने एक घास खाल्ला. उरलेला तुकडा बोटाने दाबला, तो वर कसा येतो ते पाहिलं. मग दुसऱ्या केकचा तुकडा मागितला, मग तिसऱ्या. स्वतःच्या हातचं काम त्याला ओळखू येणार नव्हतं थोडंच.

"ताई, अंडी कुठे जातात?"

बहिणीने सगळं सांगितलं. हॉस्पिटल, अट, सही, शेजारी, खड्डा. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही रे, असं ती शेवटी म्हणाली.

"पिल्लं आणायच्या आधी बोलली असतीस तर एक दिवस वाईट वाटलं असतं," तो म्हणाला. "आता तिथे अडीचशे आहेत."

मी अंडी घेत राहीन, असं ती म्हणाली. त्यावर त्याने नुसती नकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी ट्रे आले नाहीत.

तीन आठवडे तो दारोदार फिरला. कुणी उभं केलं नाही. खाद्य संपत आलं तेव्हा त्याने स्वतःच खाटकाची गाडी बोलावली. या वेळी पकडायला सरकारी माणसं नव्हती. ऐन अंड्यावर आलेल्या कोंबड्या त्याने स्वतः पाय धरून एकेक गाडीवाल्याच्या हातात दिल्या. सकाळपासून दुपारपर्यंत ते चाललं होतं. बहिणीला हे शेजारणीकडून कळलं. तिकडे जायची तिची छाती झाली नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी तो बेकरीत आला आणि गल्ल्यावर जाऊन भाचीपाशी काम मागितलं. ते पाणी त्याच्याइतकं नीट कुणालाच आटवता येत नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याने कमरेला एप्रन बांधला, चण्याचं भांडं चुलीवर ठेवलं आणि कामाला लागला. बहिणीला जरा धीर आला. आता रोज डोळ्यांसमोर राहील, हळूहळू राग निवळेल, असा हिशेब तिने मनातल्या मनात केला.

दहाच्या सुमाराला तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "पाणी आटलंय. बघून घ्या."

तो थट्टा करत असेल म्हणून तिने वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. बाजूला हॉस्पिटलच्या कामासाठी ठेवलेल्या नव्या बायका मैदा चाळत होत्या, आणि तो एप्रनला हात पुसत तिच्या हुकमाची वाट पाहत होता. अरे, असं काय बोलतोस, एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंडातून मात्र दुसरंच निघालं.

"हो," ती म्हणाली, "उतरवा."