हळदीची कुंकू

मंगळवार होता आणि दुपारचे साडेबारा झाले होते. अणदूर फाट्याजवळच्या मांडवात बाया इतक्या दाटीनं बसल्या होत्या की पाण्याचा तांब्यासुद्धा डोक्यांवरूनच पुढं जात होता. व्यासपीठावर मखमली खुर्ची, खुर्चीत श्री कुंकुमानंद महाराज आणि त्यांच्या पुढ्यात पितळी ताटात ढीगभर हळद.

"माय हो, ही काय हाय?" महाराजांनी माईकमधून विचारलं.

"हळद!" मांडव ओरडला.

"हळद म्हंजी कुवार लेक! आता देवी हिचं लगीन लावणार. तीर्थ पडलं की हळदीचं कुंकू व्हणार. ज्याच्या मनात शंका आसंल, त्यानं डोळं झाकावं!"

शंका असेल त्यानंच नेमके डोळे झाकायचे, ही अट महाराजांना फार सोयीची होती. त्यांनी कमंडलूतलं तीर्थ हळदीवर शिंपडलं आणि पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. बायांनी हात जोडले, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, एकीच्या अंगात आलं. तेवढ्यात सेवेकरी टोपल्या घेऊन ओळींमधून फिरू लागले. टोपल्यांत 'सिद्ध कुंकवा'च्या पुड्या होत्या.

चौथ्या ओळीत इरम्मा बसली होती. जळकोटची, पंचावन्नची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. तिनं डोळे झाकले नव्हते. गेली बावीस वर्षं ती स्वतःच्या हातानं कुंकू करत आली होती. हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती लाल होते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. महाराजांच्या कमंडलूत काय आहे ते तिनं पहिल्याच मंगळवारी ओळखलं होतं. त्याला आता अडीच महिने झाले होते, आणि अडीच महिने ती तोंड दाबून बसली होती.

तोंड दाबणं हा तिचा स्वभाव नव्हे. पण तिला या माणसाची नुसती फजिती नको होती. फजिती झालेला बाबा चार महिन्यांनी सीमेपलीकडं नवं नाव घेऊन बसतो, हे तिनं पाहिलं होतं. तिला हा माणूस गजाआड पाहिजे होता.

त्याचं कारण शिवलीलेचं कपाळ.

शिवलीला तिची एकुलती लेक, बेंबळीला दिलेली. चैत्रात तिच्या सासूनं जत्रेतून कुंकवाची पुडी आणली. पुडीवर लाल किनार, मधोमध करंड्याचं चित्र. "तुझ्या आईच्याच घरचं हाय," म्हणून सुनेला दिली. चौथ्या दिवशी शिवलीलेच्या कपाळाला फोड आले, आठव्या दिवशी कातडी सोलली. डॉक्टर म्हणाले, कपडे रंगवायचा रंग आहे हा, कुंकू कसलं! फोड गेले, पण भुवयांच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग राहिला. सासू चारचौघांत बोलली, "रांडमुंड बाईच्या हातचं कुंकू, दुसरं काय व्हणार?"

त्या पाठोपाठ जळकोटच्या घरी बाया यायला लागल्या. कुणाचं कपाळ सुजलेलं, कुणाचा भांग भाजलेला. पुड्या अंगणात भिरकावून शिव्या देऊन जायच्या. इरम्माकडं कामाला येणाऱ्या आठपैकी सात बायांनी यायचं बंद केलं. गजराबाई तेवढी टिकली.

अंगणात पडलेल्या पुड्यांमधली एक इरम्मानं उचलली आणि नीट बघितली. करंडा तिचाच. किनार तिचीच. तळाला तिच्या नावाच्या जागी बारीक अक्षरात 'श्री कुंकुमानंद प्रसाद'. आणि करंड्याखाली ती ओळ: 'खरी हळदीची कुंकू'.

ती ओळ बघून इरम्माच्या अंगाची आग आग झाली.

ओळ माणिकप्पाची होती, तिच्या नवऱ्याची. तो आळंदकडचा, घरात कानडी बोलणारा. मराठी बोलायला लागला की घर 'ती' व्हायचं, बैल 'ते' व्हायचं आणि बायको कधी कधी 'तो'. इरम्माचं माहेर नळदुर्गाकडचं, ती पोट धरून हसायची. पहिलं लेबल छापायचं ठरलं तेव्हा त्यानं मोठ्या ऐटीत कागदावर लिहून दिलं, 'खरी हळदीची कुंकू'. ती म्हणाली, "अवो, हळदीचं कुंकू म्हणत्यात." तो म्हणाला, "तुझी कुंकू तुझ्यासारखीच हाय, ती बाईच." मग तसंच छापलं. माणिकप्पा गेल्यावर तिनं लेबलाची सरकारदरबारी नोंदणी केली. एजंट म्हणाला होता, व्याकरण सुधारून घेऊ. ती म्हणाली, हात लावायचा न्हाय.

आता तीच चूक, जशीच्या तशी, एका भामट्याच्या विषारी पुडीवर होती.

ती ठाण्यात गेली. तिथल्या हवालदारानं पुडी उलटसुलट केली आणि हसला. "कुंकवाच्या चित्राचा कुठं गुन्हा असतो का मावशी? दिवाणीत जा."

ती धाराशिवला ॲडव्होकेट हर्षालीकडं गेली. हर्षालीनं नोंदणीचा दाखला वाचला, दोन्ही पुड्या शेजारी ठेवल्या आणि खुर्ची पुढं ओढली.

"मावशी, हा फौजदारी गुन्हा आहे. दुसऱ्याचा नोंदलेला शिक्का खोटा लावून माल विकला तर तुरुंग आहे, तीन वर्षांपर्यंत. पण छापा साधा फौजदार घालू शकत नाही. उपअधीक्षकांनीच घालायचा, आणि त्याआधी ट्रेडमार्कच्या रजिस्ट्रारचं मत मागवायचं. वेळ लागेल."

"लागू द्या. त्या चमत्काराचं काय? तेबी सांगून टाकू का लोकास्नी?"

"जादूटोण्याचा कायदाही लावू. पण भक्तांच्या साक्षी फिरतात, मावशी. लेबल साक्ष फिरवत नाही. आज बोललात तर तो माल जाळून पळेल. आणि एक लक्षात ठेवा. कोर्टात तो म्हणेल, पुड्या कुण्या भक्तानं छापून आणल्या, मला काय माहीत! ती लेबलं त्याचीच, हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे."

म्हणून इरम्मा अडीच महिने दर मंगळवारी चौथ्या ओळीत बसली, प्रसादाच्या पुड्या पदरात घेत राहिली आणि हात जोडत राहिली. प्रत्येक नमस्काराच्या वेळी तिला शिवलीलेचं कपाळ दिसायचं. रजिस्ट्रारचं मत गेल्या आठवड्यात आलं. आज एक वाजता उपअधीक्षकांच्या गाड्या येणार होत्या. दोन पोलीस साध्या कपड्यात मांडवात बसलेच होते, एकाचा मोबाईल व्यासपीठाकडं रोखलेला.

इरम्मा उठली.

"महाराज, येक इचारू का?"

"इचार माय, देवीच्या दारात कसली भीड?"

"ह्या पुडीवरचं लिव्हणं कुणाचं वो?"

महाराजांनी डोळे मिटले. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडं पाठ होतं. "देवीचं! पाटंच्या पारी आई सपनात आली, करंडा दाखिवला, वळ सांगितली. म्या माझ्या हातानं लिवली, माझ्या हातानं छापून घेतली. येक अक्षर इकडचं तिकडं न्हाय!"

"तुमीच छापली?"

"मीच! दुसऱ्या कुणाची छाती न्हाय!"

साध्या कपड्यातल्या पोलिसानं मोबाईल जरा वर धरला.

"मग मला सांगा," इरम्मा पायऱ्या चढत म्हणाली, "तुळजापूरची आई कानडीवानी मराठी बोलाया कवापास्नं लागली?"

मांडवात खसखस पिकली. महाराजांना काही उमजलं नाही. तिनं पुडी उंच धरली. "वाचा की समद्या. 'हळदीची कुंकू'! तुमच्यापैकी कोण म्हणतं गं आसं? आपुन 'हळदीचं कुंकू' म्हणतो. ही चूक माझ्या मालकाची हाय, माणिकप्पाची. बावीस वर्सं माझ्या पुडीवर हाय. देवी चुकली न्हाय बायांनो, ह्यो चोर चुकला. चोरताना चूक सुदीक चोरली!"

"हिच्या अंगात अवदसा शिरलीय! खाली उतरवा हिला!" महाराज किंचाळले.

सेवेकरी धावले, पण पहिल्या ओळीतल्या दोघी-तिघी बाया आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्याही कपाळांवर डाग होते.

इरम्मानं कनवटीचं लिंबू काढलं, दातानं फोडलं आणि ताटातल्या लाल हळदीवर पिळलं. जिथं रस पडला तिथं लाली पुसली जाऊन पिवळी हळद वर आली. मग तिनं स्वतःच्या करंड्यातलं कुंकू तळहातावर घेऊन त्यावर पिळलं. ते लालच राहिलं.

"देवीनं लावल्यालं लगीन एका लिंबानं मोडलं व्हय? त्या कमंडलूत चुन्याची निवळी हाय. पानाला लावता त्योच चुना. हळदीवर चुना पडला की ती तांबडी दिसती, आंबट पडलं की परत पिवळी व्हती. खऱ्या कुंकवाला टाकणखार अन् लिंबू घालून सावलीत सुकवावं लागतंय, हात भरून येत्यात. तुमच्या आज्या घरीच करायच्या. आपुन पुड्या इकत आणाया लागलो अन् इसरलो, म्हणून ह्या भामट्याचं फावलं. हळद तुमच्या घरात हाय, चुना पानाच्या डब्यात हाय. आजच करून बगा. मग कुणाच्या पाया पडायचं ते ठरवा."

एक वाजला. गाड्या मांडवाला लागल्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगाच्या गोण्या, खडूची भुकटी आणि करंड्याच्या लेबलांची बंडलंच्या बंडलं सापडली. महाराजांचं खरं नाव योगीराज. इरम्माची लेबलं ज्या छापखान्यात छापली जात, तिथं तो पूर्वी कामाला होता. जाताना नमुना घेऊन गेला होता.

बेड्या पडल्यावर तो इरम्माच्या पायाशी वाकला. "मावशी, चूक झाली. आपसात मिटवू. पोरंबाळं हायत मला."

"मलाबी पोर हाय," इरम्मा म्हणाली, आणि पाय मागं घेतला.

लोक तिला नंतर म्हणाले, एवढा सूड बरा नव्हे. ती म्हणायची, बरा हाय का न्हाय ते शिवलीलेच्या कपाळाला इचारा. प्रत्येक तारखेला ती गजराबाईला घेऊन कोर्टात पहिल्या बाकावर बसायची. योगीराजनं एकदाही तिच्याकडं मान वर करून पाहिलं नाही. ती मात्र त्याच्यावरची नजर काढत नसे, आणि त्यात तिला समाधान वाटायचं.

तिची साक्ष झाली त्या दिवशी शेजारी शिवलीला उभी होती. तिनं डाग पदरानं झाकला नव्हता. मागच्या बाकावर तिची सासू मान घालून बसली होती. लेबलावरची ओळ टंकलेखकानं वाचली आणि टाइप करताना आपसूक सुधारली, 'खरं हळदीचं कुंकू'.

"साहेब," इरम्मा कठड्याला धरून म्हणाली, "तेवढं दुरुस्त करू नका. ती चूक हाय म्हणूनच चोर घावलाय. आन् माझ्या मालकाची आता तेवढीच वळख उरलीय."

न्यायाधीशांनी लेबल पुन्हा पाहिलं आणि नोंद आहे तशी करायला सांगितली.

योगीराजला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालपत्रात, पान चारवर, सरकारी कागदावर छापलं आहे: खरी हळदीची कुंकू.