दारावरचं ‘आपले’

मी प्रार्थनाघराच्या दारावरची पाटी बोलतेय. माझं बोलणं कागदावर उतरवणारा पेंटर आठवीतून शाळा सोडलेला आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. भारी शब्द त्यालाही येत नाहीत आणि मलाही येत नाहीत. माझ्या अंगावर सगळे मिळून तीन शब्द : ‘हे घर आपले’. त्यातला शेवटचा चुकून आला, आणि त्याच्यावरूनच माझं डोकं फिरलंय.

जन्माने मी एका मोडीत निघालेल्या दुकानाच्या दाराची फळी. चाळीस वर्षांपूर्वी ही जागा म्हणजे ओस पडलेलं गोदाम होतं. कपडे शिवणारी एक बाई होती, सगळे तिला मोठी आई म्हणत. तिने शेजारपाजारची दहा-बारा माणसं गोळा केली, गोदाम झाडून घेतलं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला बसायचं ठरवलं. पण येणारेजाणारे खुशाल आत पोती टाकून जायचे. म्हणून तिने पेंटरला चिठ्ठी लिहून दिली : ‘हे घर आमचे’.

तो पेंटर म्हणजे ह्या पेंटरचा बाप. दारातच बसून तो मला रंगवत होता. पहिले दोन शब्द झाले होते. तेवढ्यात पाठीवर ओझं घेतलेला एक हमाल थांबला.

“कुणाचं घर हो हे?”

“आपलंच की!” आतून मोठी आई ओरडली. तिच्या हातात केरसुणी होती. “कुणाचं म्हणजे काय? ओझं ठेव खाली, पाणी पी.”

पेंटरच्या कानांनी जे ऐकलं, तेच त्याच्या हाताने लिहिलं. मग चिठ्ठी बघून त्याने कपाळावर हात मारला.

“मोठी आई, घोटाळा झाला. तुम्ही ‘आमचे’ दिलं होतं, मी ‘आपले’ करून बसलो. पुसतो.”

तिने चष्मा लावून मला वाचलं आणि हसली. “पुसशील तर बघ. चूक माझ्या चिठ्ठीत होती.”

तेव्हापासून मी दारावर आहे. मला व्याकरण एवढंच येतं : ‘आपले’ म्हटलं की समोर उभा असलेला माणूसही त्यात येतो. ‘आमचे’ म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहतो. दोन अक्षरांचा फरक. पण त्या दोन अक्षरांत एक अख्खा माणूस मावतो.

दारावरून माणसं चांगली दिसतात. आत जाताना मान खाली घालतात, बाहेर आल्यावर आधी चपला शोधतात. भांडलेली माणसं एकाच चादरीच्या दोन टोकांना बसतात आणि प्रार्थना संपेपर्यंत सरकत सरकत मधे येतात. त्यांतच एक इस्त्रीवाला होता. वीस वर्षं न चुकता आला. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, ठरलेली जागा. आवाज फाटका, पण म्हणायचा सगळ्यांच्या वर. बैठकीच्या चादरी त्याची बायको धुवायची आणि तो इस्त्री करायचा.

मोठी आई गेली आणि घराला कमिटी आली. लोखंडी कपाट आलं, त्याला कुलूप आलं, कपाटात सभासदांची वही आली. चिटणीस आले. ‘समाज’ हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला की समाजातली माणसं त्यांना दिसेनाशी झाली.

गेल्या आठवड्यात इस्त्रीवाला गेला. शनिवारी सकाळी त्याची बायको दारात आली.

“भाऊजी, उद्या अकराला त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवायची आहे. इथेच. त्यांच्या जागेवर फुलं ठेवीन म्हणते.”

“वहिनी, सभागृह सभासदांसाठी आहे,” चिटणीस म्हणाले. “वहीत त्यांचं नाव नाही.”

“वीस वर्षं आले की ते!”

“येणं वेगळं, सभासद असणं वेगळं. समाज नियमांवर चालतो. भावनेच्या भरात जाऊ नका.”

“तुम्ही बसता त्या चादरीची सुरकुती न सुरकुती त्यांच्या हाताखालून गेली. भरात जाऊ नको तर कशात जाऊ?” तिने माझ्याकडे बोट केलं. “मला अक्षर अक्षर लावून वाचता येतं. आ-प-ले. ह्यात मी येते का नाही, तेवढं सांगा.”

चिटणिसांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी पाहिलं. मग कपाट उघडलं, जुन्या कागदांतून मोठ्या आईची चिठ्ठी शोधून काढली आणि तिच्यापुढे धरली.

“हे बघा. मूळ शब्द ‘आमचे’ आहे. पाटी चुकीची आहे.”

ती निघून गेली.

संताप संताप झाला माझा! मोठी आई त्यांना उभ्या जन्मात कळली नाही, तिची चिठ्ठी मात्र लगेच वाचता आली. एका बाईने विचारलं, मी ह्यात येते का? तर ह्यांनी शब्दच बदलायला काढला. देवाच्या नावाने दार लावायचं आणि वर म्हणायचं, दार आम्ही लावलं नाही, नियमाने लागलं! अहो, नियम काय स्वतःच्या पायांनी चालत आला?

दुपारी पेंटरला बोलावलं. बापाच्या मागे हाच धंदा करतो. स्वभावाने इतका बुजरा की समोरचा मोठ्याने बोलला तरी ह्याचे कान लाल होतात.

“‘आ’ तसाच ठेव,” चिटणीस म्हणाले. “तो दोन्हींत सारखाच आहे. पुढचं खरवड आणि ‘मचे’ लिही. उद्या अकराच्या आत हवं. त्या बाई माणसं घेऊन आल्या तर पाटीच दाखवता येईल.”

पेंटरने पॉलिश पेपर हातात घेतला. बापाच्या हाताचा ‘ल’ त्याने ओळखला, त्यावरून एकदा बोट फिरवलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल ना रे! तो फक्त “बरं” म्हणाला आणि घासायला लागला. त्या घटकेला मला चिटणिसांपेक्षा त्याचा राग आला. दुष्ट माणसं थोडीच असतात हो. ‘बरं’ म्हणणारीच पुष्कळ.

खरवडलेल्या जागेवर त्याने रंगाखालचं अस्तर दिलं. ते वाळेपर्यंत अक्षरं काढता येत नव्हती, म्हणून तो घरी गेला. आणि मी दारावर ‘हे घर आ’ अशी, खरोखरच आ वासून लटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी घेऊन आला. चिटणीस खाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्याने लाल रंगाचा डबा उघडला. त्याची पाठ चिटणिसांकडे, तोंड माझ्याकडे. ब्रश टेकला की सरळ चालत होता. साडेदहाला तो खाली उतरला आणि शिडी बाजूला केली.

“अरे, हे काय लिहिलंस?” चिटणीस ताडकन उठले. “‘आमचे’ सांगितलं होतं ना?”

पेंटरचे कान लालबुंद झाले. “माझं शुद्धलेखन कच्चं आहे, साहेब. बापापासूनच.”

“पूस ते! आत्ताच्या आत्ता!”

“ओलं आहे. आता हात लावला तर फळीभर लाल होईल. उद्यापर्यंत वाळू द्यावं लागेल.”

अकराला ती आली. मागे पंधरा-वीस माणसं. हातावर बैठकीच्या चादरींची चळत, धुतलेल्या, घडी मोडलेली नाही. नवरा गेला त्या आठवड्यातही ह्यांच्या चादरी तिने केल्या होत्या. चिटणीस दारात आडवे उभे राहिले. ती थांबली, तिने वर पाहिलं आणि सावकाश, मोठ्याने वाचलं, “आ... प... ले.” मागच्या माणसांनीही माना वर केल्या. मग सगळे चिटणिसांकडे बघत राहिले.

चिटणीस दोन पावलं सरकले. मनापासून नाही, हे मला ठाऊक आहे. उद्या रंग वाळेल, ते दुसरा पेंटर आणतील. तुम्ही वाचणाऱ्यांनी कधी माझ्यासारख्या पाटीखालून जाताना एवढंच करा : मान वर करून शब्द वाचा, आणि मागे कोण राहिलं ते बघा.

तिने चादरी अंथरल्या. शेवटच्या रांगेत दाराजवळच्या जागेवर फुलं ठेवली. पेंटरने रंगाचे हात विजारीला पुसले, चपला काढल्या आणि त्या फुलांच्या शेजारी जाऊन बसला.