बढती नाकारल्याचं पत्र

साहेब, तुम्ही एका मेलेल्या माणसाला खोटं बोलायला लावत होता. तुमचं नाव मी लिहीत नाही. दालनाबाहेरच्या पाटीवर ते आहेच.

महिन्याची तीस तारीख. महादेवपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात प्रतिमा शेवग्याच्या शेंगा सोलत होती. शिवकुमार आला, तो चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "वैनी, बढतीची यादी लागली. उमाकांत पहिल्या नंबरवर."

प्रतिमाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्या नवऱ्याला, उमाकांतला, जाऊन तीन वर्षं झाली होती.

उमाकांत आणि शिवकुमार एकाच दिवशी कर खात्यात निरीक्षक म्हणून लागले. सव्वीस वर्षं टेबलाला टेबल. कोवळ्या अधिकाऱ्यांना उमाकांतनं फाईल लिहायला शिकवलं आणि तेच साहेब होऊन परत आले तेव्हा उठून उभा राहिला. बढतीची समिती बसणार म्हटलं की तो निळा सदरा इस्त्री करून ठेवायचा. समिती बसायची नाही. सदरा अजून कपाटात आहे, कडक घडीचा. प्रतिमा ते कपाट शक्यतो उघडत नाही.

"मृत्यूचा दाखला तीनदा दिलाय मी, शिवाण्णा."

"दाखल्याचं नाही वैनी. अधीक्षकाची जागा पाच वर्षामागं रिकामी झालेली. तवा तो जित्ता होता. म्हणजे त्याचीच ती." शिवकुमार निपाणीकडचा; बोलताना जमिनीकडं बघायचा. "आता मेलेल्याला बढती द्यायची म्हणजे उशीर केला हे कबूल करायचं. त्यापेक्षा…"

त्यानं कागद पुढं केला. टाईप केलेला. 'कौटुंबिक कारणास्तव मी ही बढती स्वेच्छेने नाकारत आहे.' खाली उमाकांतचं नाव. तारखेची जागा कोरी.

"साहेबांनी दिलंय. मागची तारीख घालतील. तुम्हाला त्याची सही येती की. लेकीच्या, केतकीच्या प्रगतिपुस्तकावर तुम्हीच करत होता."

"आणि मी केली तर?"

"जागा मला. उद्याच मी निवृत्त होतोय; एक दिवस अधीक्षक झालो तरी पेन्शन वाढंल." तो कसंनुसं हसला. "जित्तेपणी कुणाच्या वाटंत आला नाही तुमचा नवरा. मेल्यावर आडवा आलाय बघा."

प्रतिमानं पेन घेतलं. कागदाच्या कडेवर 'उ' काढला. हुबेहूब त्याचाच. जणू मागं उभं राहून तोच हात धरत होता.

"शिवाण्णा, केतकीला कंपनीत तिसरी बढती मिळाली तेव्हा हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, मुलीला सांगू नकोस, पण मला लाज वाटते. माझ्यात काहीतरी कमी असणार. ते असं समजूनच गेले हो. आता मी लिहून देऊ की त्यांना नकोच होती?"

कुकरची शिट्टी झाली, शिवकुमारनं दचकून कपाटाकडं पाहिलं.

"ऑफिसात यादीवर बोट ठेवलं ना वैनी," तो हळूच म्हणाला, "माझ्या नावाच्या वर त्याचं नाव. वाटलं, वळून बघतोय. आणि मी हे घेऊन तुमच्याकडं आलो. थू माझ्या जिनगानीवर."

"तुमचं नुकसान होईल."

"हूं दे. एकोणतीस वर्षं निरीक्षक होतो, उद्या एक दिवस आणि."

प्रतिमानं कागद उलटला. पाठीमागं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'माझ्या पतीने बढती नाकारली नाही. तुम्ही दिली नाही.' खाली स्वतःची सही. साक्षीदार म्हणून शिवकुमारनं केली, आजची तारीख घालून.

दुसऱ्या दिवशी त्याला हार, नारळ आणि शाल मिळाली. निरीक्षक म्हणून. तो कागद त्यानं तुमच्या टेबलावर ठेवला, साहेब, आणि तुम्ही त्याच्यावर चहाचा कप ठेवलात.

कप उचला. ती खुर्ची पाच वर्षं रिकामी होती आणि त्यातली दोन वर्षं तिचा माणूस दहा पावलांवर बसला होता. तुम्ही ती कुणासाठी राखून ठेवली होती? लेखी सांगा. आणि खाली सही तुमची स्वतःची करा.