साडेतीन मीटर कमी

मी दोर बोलतोय. डोंगरकडे चढायचा, निळ्या सालीचा, जन्मतः साठ मीटर लांब. बोलणं जरा लांबलं तर तो घराण्याचा गुण समजा.

माझा जन्म यंत्रावर झाला. माझ्या एका सख्ख्या भावंडाला वजनं टांगून तुटेस्तोवर ताणलं आणि ‘पास’ची चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधली. परीक्षा त्याने दिली, निकाल माझा लागला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण दोराचं कोण ऐकतो?

मला घेतलं एका जोडप्याने. तो शिंपी. खाली दुकान, वर घर, आणि गळ्यात कायम मापाची टेप. ती दातांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर लोकांना ‘तोंड उघडा’ सांगायची. दर रविवारी दोघं सकाळी डबा बांधून डोंगर गाठायची. वाटेत चालताना भांडायची, कड्यावर मात्र शहाण्यासारखी वागायची. एक चढे, दुसरं मला धरून खाली उभं राही. ‘धर’ म्हटलं की धरायचं, ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. घरी एवढं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

आता उतरायची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माथ्यावरच्या कडीतून मला ओवायचं आणि माझा मध्य बरोबर कडीत आणायचा, म्हणजे दोन्ही पदर सारखे लोंबतात. ते दोन्ही कमरेच्या पट्ट्यातल्या आकड्यातून घेऊन माणूस उतरतो. तो मध्य शिंप्याने स्वतः मापून लाल धाग्याच्या टाक्यांनी दाखवला होता. ती त्यावर आणखी एक करायची, खाली सोडण्याआधी दोन्ही टोकांना जाडजूड गाठी मारायची. पदर आखूड पडलाच तर गाठ अडकते आणि माणूस निसटत नाही.

“अगं, मी मापलंय ना!” शिंपी वैतागायचा.

“तू मापलेली दाजींची पँट आठवते ना?” ती म्हणायची आणि शांतपणे गाठ मारायची.

एकदा याच दाजींसमोर, म्हणजे तिच्या बहिणीच्या नवऱ्यासमोर, जेवताना शिंप्याने फुशारकीत सांगितलं, “हिची गाठ मारून होईपर्यंत डोंगर झिजतो हो!” सगळे हसले. ती हसली नाही. पाहुणे गेले आणि घरात अबोला सुरू झाला. लोकांची तोंडं उघडणाऱ्या बाईने आपलं तोंड आठ दिवस मिटून घेतलं.

बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालायचं. ‘दूध संपलंय.’ ‘नळवाला येईल.’

त्याच आठवड्यात शिंप्याने मला कटिंगच्या टेबलावर घेतलं. माझं एक टोक खडकावर घासून पिंजारलं होतं. कमकुवत टोक नको, तिच्या जिवाचा प्रश्न आहे, असं स्वतःशीच पुटपुटत त्याने साडेतीन मीटर मापले, कचकन कापले आणि नवं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद केलं. काम चोख झालं. मध्याचा लाल टाका मात्र होता तिथेच राहिला. तितक्यात गिऱ्हाईक आलं, शिंपी ब्लाउजच्या बाह्यांत गुंतला आणि मला विसरला. ‘दोर कापलाय’ अशी चिठ्ठी त्याने लिहिलीच नाही.

रविवार आला. अबोला असला तरी डोंगर चुकायचा नाही, हा त्यांचा नेम. दोघं तोंडं फुगवून चढली. माथ्यावर त्याने मला कडीत ओवलं, लाल टाका मधोमध आणला. अठ्ठावीस मीटर खाली बसायला पुरेल एवढा कट्टा होता आणि कट्ट्याखाली सरळ दरी.

ती आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. “आज गाठी नकोत. तुझा डोंगर झिजेल.” आणि पाठ फिरवून पट्टे आवळू लागली.

मला घाम फुटायचा बाकी होता. एक पदर साडेतीन मीटर आखूड आहे हे तिघांपैकी फक्त मला आठवत होतं, आणि मी पडलो मुका.

शिंपी क्षणभर घुटमळला. त्याला माफी मागायची होती, पण जीभ रेटेना. मग त्याने माझी दोन्ही टोकं ओढली आणि गुपचूप गाठी मारल्या, अगदी तिच्यासारख्या जाडजूड. कापल्याचं त्याला तेव्हाही आठवलं नव्हतं. मला खाली सोडून तो आकाशाकडे बघत राहिला.

ती उतरली. कट्टा दीड मीटरवर आला आणि मला हिसका बसला. आखूड पदराची गाठ तिच्या कमरेच्या आकड्यात अडकली. ती लोंबकळत राहिली. खाली बघून तिने डोळे मिटले.

“गाठ कुणी मारली?” तिने ओरडून विचारलं.

“मी!”

“का?”

“उगाच!”

तिने आखूड पदराचं वितळवलेलं टोक निरखलं. मग आवाज आला, “दोर कुणी कापला?”

शिंप्याला आता कुठे कटिंगचं टेबल आठवलं. “मी,” शिंपी म्हणाला, आणि वर बसून ढसाढसा रडला.

तिने बाजूला खडकात ठोकलेल्या खुंटीत स्वतःला अडकवलं, त्याने माझे पदर सारखे केले. दोघं उतरली. खाली तिने आधी त्याला मिठी मारली आणि मग जे तोंड उघडलं, ते घरापर्यंत मिटलं नाही. शिंप्याने एकदाही मध्ये बोलून पाहिलं नाही.

आता मी म्हातारा, ताठर. नियमाप्रमाणे निवृत्त होऊन दुकानातल्या खुंटीवर टांगलेला असतो. नव्या दोराला ती दर शनिवारी त्याच्याच टेपने मापते. तो दुसरं टोक धरून निमूट उभा राहतो. माझी ती गाठ अजून घट्ट आहे. झाडताना शिंपी तिच्यावरून अंगठा फिरवतो, सोडवत नाही.

माझं मागणं फार नाही. दोर जुना झाला, टोक खराब झालं, तर खुशाल कापा. माझा राग नाही. फक्त घरात एकदा सांगून कापा. भांडण चालू असलं तरी सांगा.