ग्रेव्हीला दोन तासांचा नियम कळत होता

अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरच्या टर्नर्स गॅप चौकीवर माझ्या काळात सगळ्यात वरिष्ठ कोण होतं, असं कुणी विचारलं की मी कुत्र्याचं नाव सांगतो. लोक हसतात. हसू देत. त्यांनी ग्रेव्हीला पाहिलेलं नाही.

ग्रेव्ही म्हणजे वासराएवढा शेफर्ड. नाक असं, की गव्हाचा ट्रक अजून कॅनडात असतानाच याला कळायचं, ड्रायव्हरनं न्याहारीला काय खाल्लं आणि तो बायकोशी भांडून निघालाय का. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

त्याला सांभाळायचा लाइल ट्वेट. ताडमाड गडी, पण शब्दांचा एवढा कंजूष की मुका माणूस त्याच्यापुढे वाचाळ वाटावा. त्याची बायको मार्वा म्हणायची, "लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हासुद्धा नुसतं 'हूं' म्हणाला. मी म्हटलं, चालेल."

मात्र रोज ड्युटीनंतर लाइल कुत्र्याला घरी न्यायचा, ओसरीवर बसून त्याला ब्रश करायचा आणि तासभर त्याच्याशी बोलायचा. काय बोलायचा, देव जाणे. सरकारी कुत्र्याला घरी खाऊ घालणं, धुणंपुसणं हेही काम, म्हणून हजेरी लिहिताना मी तो तास ओव्हरटाइममध्ये धरायचो. केंद्र सरकारचा कायदाच तसा.

मग आमच्यावर रॉइस हॅल्डेन साहेब आला. पैसा वाचवायला रुपयाचं तेल जाळणारा माणूस.

"ट्वेट, उद्यापासून कुत्रा चौकीमागच्या पिंजऱ्यात राहील. घरचा तास बंद."

"बरं," लाइल म्हणाला. पण तो एवढासा शब्दही मधेच चिरला.

रात्री मार्वाचा फोन. "आर्विडभाऊ, हा जेवला नाही हो. कुत्रा पायाशी आहे, तरी ओसरीवर बसून ब्रशनं नुसती हवा विंचरतोय!"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपली. लाइलनं ग्रेव्हीला पिंजऱ्यात घातलं, मागे न बघता गाडीत बसला आणि गेला. कुत्रा गप्प. साहेब खूश. मी मात्र टेबलावरून ग्रेव्हीचा कान बघत होतो. उजवा कान ताठ, टेकडीच्या दिशेनं.

टेकडीपलीकडे लाइलच्या फाटकात गुरं अडवायला लोखंडी गज टाकलेले आहेत. त्यांवरून त्याची गाडी खडखडत गेली आणि ग्रेव्हीनं तोंड उघडलं.

बाबांनो, ते रडणं! धान्याच्या कोठारातून गहू आपोआप सांडायला लागला. पलीकडून कॅनडावाल्यांचा फोन आला, "तुमचा भोंगा जरा बंद करता का, प्लीज?"

"बोलाव त्याला!" साहेब ओरडला.

लाइल परत आला. "गप," म्हणाला. कुत्रा गप्प. लाइल गेला.

"बघ, पाच मिनिटांत काम!" साहेबानं हात झटकले.

मी घसा खाकरला. "साहेब, घरी पोचलेल्या माणसाला परत बोलावलं, की काम पाच मिनिटांचं असलं तरी दोन तास धरावे लागतात."

"एक तास वाचवायला आपण दोन घालवले?"

"आपण नाही, साहेब. तुम्ही."

पुढे रोज तोच तमाशा. ग्रेव्ही लाइलच्या देखत रडला असता तर तेवढीच मिनिटं धरली असती. पण तो कसला रडतोय! साहेबानं लाइलला थांबवून ठेवलं तर हा घोरायला लागायचा. गजांवर जुन्या गाद्या टाकून खडखडाट बंद केला, तर मार्वानं भट्टीतून ॲपल-पाय काढल्याच्या वासावर यानं सूर धरला. लाइल घरात, बूट काढलेले, आणि मग भोंगा.

"याला नियम कोणी शिकवले?" साहेबानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

चार जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, वरून पाहुणे यायचे होते. साहेबानं फर्मान काढलं, "काहीही झालं तरी ट्वेटला बोलवायचं नाही. मला बोलवा." सकाळीच ग्रेव्ही सुरू झाला. मी आज्ञाधारक माणूस. साहेबाला घरून बोलावलं.

साहेब सॉसेज घेऊन थेट पिंजऱ्यात शिरला. ग्रेव्हीनं सॉसेज सभ्यपणे घेतलं, साहेबाला वळसा घालून बाहेर आला आणि ढुंगणानं दार लोटलं. खट्! कडी पडली.

"आर्विड!"

मी साहेबाला सोडवेपर्यंत ग्रेव्ही गावात पोचला होता. आम्ही जीपमध्ये उड्या मारल्या. गावात स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक भर रंगात आलेली. हा तिच्या मधून बाणासारखा सुटला. बँडातला ट्यूबावाला त्या भल्यामोठ्या पितळी वाद्यासकट बसला, चर्चच्या बायकांच्या लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, आभाळात उडाल्या, बँडवाल्यांना वाटलं हाच कार्यक्रम, तेही मागे धावले. आम्ही जीप गव्हात घातली. पुढे फक्त शेपूट दिसत होती, झेंड्यासारखी.

"सोडू नकोस त्याला!" साहेब किंचाळत होता. डोक्यावर एक लेफ्से, त्याचा त्याला पत्ता नाही.

जीप लाइलच्या अंगणात थांबली. ओसरीवर ग्रेव्ही पसरला होता, लाइलच्या हातात ब्रश, आणि लाइल बोलत होता. धबधब्यासारखा! मेलेल्या भावाबद्दल, गव्हावरच्या तांबेऱ्याबद्दल, मार्वाच्या गुडघ्याबद्दल. मार्वा दाराआड उभी राहून ऐकत होती. आम्हाला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"मला त्याच्या मनातलं एवढंच कळतं, साहेब," ती कुजबुजली. "या तासात."

साहेबानं डोक्यावरची पोळी काढली.

"ट्वेट," तो म्हणाला, "कुत्रा घरीच राहील. हा माझा हुकूम."

"बरं," लाइल म्हणाला. या वेळी शब्द अख्खा होता.

"साहेब," मी हळूच म्हणालो, "तुम्हालाही घरून बोलावलंय. तुमचेही दोन तास लागले."

साहेबाचा चेहरा बीटासारखा लाल झाला. मला वाटलं, आता माझी बदली अलास्काला. पण तो ओसरीच्या पायरीवर मटकन बसला.

"मग दोन तास काय करू?"

मार्वा ॲपल-पाय कापायला आत गेली. ग्रेव्ही उठला, लाइलच्या हातातून ब्रश अलगद काढून घेतला आणि साहेबाच्या मांडीवर आणून ठेवला.