आडवी फांदी

डोंगरातली शर्यत म्हणे. आम्ही जन्मभर शेळ्यांमागं याच खिंडींतून पळालो, तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. आता शहरातली माणसं छातीवर नंबर लावून पळायला येतात आणि वाट दाखवायला मला, गोरक्षला, बोलावतात, याचं मला हसूही यायचं आणि छातीही फुगायची.

अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी उलटून आठवडा झाला होता. बत्तीस किलोमीटरच्या वाटेवर लाल फिती बांधायचं काम शर्यत भरवणाऱ्या निकिता मॅडमनी माझ्यावर सोपवलं. चिऱ्याच्या खिंडीत दोन वाटा फुटतात, तिथे पाच-सहा फिती बांधा, असं त्यांनी तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. मला डोंगर शिकवता? खिंडीत पोचलो, फितीचं भेंडोळं खिशातच ठेवलं, हिरड्याची एक फांदी तोडली आणि डाव्या वाटेवर आडवी टाकली. आमच्याकडे आडवी फांदी म्हणजे ही वाट बंद. शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या संध्याकाळी खर्ड्याकडचे आसाराम आणि त्यांची मुलगी राजेश्वरी माझ्या पडवीत मुक्कामाला आले. ऊसतोडीचं घर. त्यांची टोळी दोन दिवसांनी काष्टीकडे तोडीला निघणार होती. आसारामनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की मुलींमध्ये पहिली येईल तिला हिमाचलच्या मोठ्या शर्यतीला नेणार आहेत. राजेश्वरी पहिली आली तर तिला ते अडवणार नाहीत. नाही आली तर स्थळ ठरलेलं आहे, लग्न उरकायचं आणि नवऱ्याबरोबर तिनंही कोयता धरायचा. बोलताना त्यांचा आवाज कडक नव्हता, दमलेला होता. पोरगी खाली मान घालून नाचणीची भाकरी खात होती. जेवण झाल्यावर तिनं मला विचारलं, की खिंडीत चुकण्यासारखं आहे का.

"पोरी, म्या खून करून ठेवलीय," मी म्हणालो. "डोळं झाकून पळ."

दुसऱ्या दिवशी मी खिंडीच्या वर, उजव्या वाटेवर पाणी वाटायला बसलो होतो. तिथून खालचा चढ दिसतो. राजेश्वरी बाकीच्या मुलींना चांगली दहा मिनिटं मागं टाकून खिंडीत शिरली. मी ग्लास भरून उभा राहिलो. ती काही वर आली नाही. दुसरी मुलगी आली, पाणी पिऊन गेली. तिसरी आली, तेव्हा मी ग्लास खाली ठेवला.

मी खाली धावलो. फांदी जागेवर होती आणि तिच्या पलीकडे डाव्या वाटेच्या मातीत बुटाचा ताजा ठसा होता. ती वाट कारवीच्या रानातून उतरत जाऊन कड्यावर संपते. मी हाक मारायला हवी होती. हाक मारण्याआधी माझा हात खिशात गेला. लाज वाटते सांगायला, पण मी आधी फिती बांधल्या. सहा. मग हाक मारली.

बऱ्याच वेळानं ती वर आली. गुडघा फुटलेला, हात कारवीनं ओरबाडलेले. फितींकडे बघून ती जागीच थांबली.

"काका, ह्या हुत्या व्हय? मला दिसल्याच न्हाईत."

"हुत्या की," मी म्हणालो.

ती पाचवी आली. शेवटच्या रेषेपाशी निकिता मॅडमनी तिला बाजूला घेऊन नीट विचारलं. खिंडीत खूण नसेल तर तिचा वाया गेलेला वेळ वजा करता येत होता, म्हणजे पहिला नंबर तिचाच. मी चार पावलांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. पण सगळं गाव जमलेलं होतं आणि डोंगर मला पाठ आहे म्हणून मी गावभर मिरवलेलं होतं.

"फिती हुत्या, माझंच चुकलं," राजेश्वरी म्हणाली. "वाटंवर फांदी दिसली. आमच्याकडं म्होरली बैलगाडी वळनावर उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, टाकून जाती, मागच्यानं तिकडंच यावं म्हून. काका म्हनले हुते, खून केलीय. मला वाटलं, हीच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय. आसारामनी तिची पिशवी उचलली. जीपमध्ये चढताना ती माझ्या पाया पडली.

माघात बैल बघायला मी काष्टीच्या बाजाराला गेलो. कुणाकुणाला विचारत आसारामांच्या टोळीचा ठावठिकाणाही काढला. मनाशी ठरवलं होतं, की बापलेकीसमोर एकदाचं सगळं ओकून टाकायचं. सांगितलेल्या रस्त्यानं चालत गेलो. पुढे उसाच्या फडांमध्ये दोन रस्ते फुटत होते आणि उजव्या वळणावर वाढ्याची ताजी पेंढी आडवी टाकलेली होती.

आता ती खूण मला कळत होती. तरी मी मागं वळलो आणि अकोल्याची गाडी धरली.